भाडेकरूला नोटीस: चूक नेमकी लिहा, दिवस मोजून द्या

आमच्या आप्पांनी जुन्या जळगावातला गाळा भाड्यानं दिला, तेव्हा कागद म्हणून वहीचं एक पान होतं. भाडं थकलं की आप्पा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. चहा यायचा, आणि उत्तर ठरलेलं असायचं: "देई देसू आप्पा, मी काय पळी जाई ऱ्हायनू का?" तो पळाला नाही, हे खरं. भाडंही आलं नाही. आप्पांच्या पश्चात व्यवहार माझ्याकडे आला आणि मी पहिली नोटीस रागाच्या भरात पाठवली: "पंधरा दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर गाळा खाली करा." सोळाव्या दिवशी वकील गाठला, दावा लावला. दीड वर्ष तारखा झाल्यावर कळलं की भाड्याच्या थकबाकीला नोटिशीची मुदत ९० दिवसांची लागते. दावा त्याच मुद्द्यावर पडला. पंधराचा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्या कायद्यातला होता.

तेव्हापासून स्वतःच्या आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच नोटिशी जवळून पाहिल्या. आपल्याकडे धुळ्यापासून भुसावळपर्यंत रीत एकच: पाच वर्षं तोंडी सांगायचं, सहाव्या वर्षी भडकून कुलूप ठोकायचं. नोटीस ही या दोन टोकांच्या मधली गोष्ट आहे. ती भाडेकरूला सुधारायची खरी संधी देते. त्यानं नाही सुधारलं, तर दोन-तीन वर्षांनी आपल्याला कधी न भेटलेला न्यायाधीश तोच कागद वाचणार असतो. म्हणून लिहिताना डोळ्यांपुढे भाडेकरू नको, तो न्यायाधीश असू द्या.

पहिलं काम: आपल्याकडे कागद कोणता आहे ते बघा

यावरच पुढचे दिवस, कलमं आणि कोर्ट ठरतं. इथे चुकलं की माझ्यासारखी गत.

शहरातला जुना भाडेकरू असेल, भाडेपावतीवर किंवा भाडेकरारावर राहत असेल, तर बहुतेक वेळा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. यात भाडं थकलं तर कलम १५ आणि बाकीच्या कारणांसाठी कलम १६ बघायचं.

'लिव्ह अँड लायसन्स' केलेलं असेल, तर समोरचा माणूस भाडेकरू नाही, परवानाधारक आहे, म्हणजे त्याला ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची फक्त परवानगी आहे. करारात लिहिलेली नोटिशीची मुदत आधी वाचा. बऱ्याच करारांत ती एक महिन्याची असते. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही तो निघत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. हा रस्ता दिवाणी दाव्यापेक्षा जवळचा आहे. गाळ्यासाठी मात्र तो नाही.

तिसरा प्रकार म्हणजे भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेली जागा. तो कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे, त्यामुळे खेड्यातलं घर किंवा गोदाम बाहेर राहू शकतं. बँकेला, सरकारी उपक्रमाला, किंवा एक कोटी वा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपनीला दिलेली जागाही कलम ३ मुळे बाहेर पडते. शोरूमसाठी किंवा एटीएमसाठी गाळा दिलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. इथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चालतो. महिन्याच्या भाड्याची जागा असेल तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. माझा पंधराचा आकडा इथला! करारात 'अट मोडल्यास ताबा परत घेऊ' असं स्पष्ट लिहिलं असेल आणि त्या आधारे ताबा मागायचा असेल, तर कलम ११४-अ आड येतं. कोणती अट मोडली ते नोटिशीत नेमकं लिहायचं, चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्त करायला सांगायचं, वाजवी वेळ द्यायचा. तोवर दावा लावता येत नाही. भाडं थकणं आणि परस्पर दुसऱ्याला जागा देणं या दोन गोष्टी या कलमात येत नाहीत.

जाता जाता एक. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?' हे खान्देशात घरोघरी ऐकू येतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस पाठवण्याआधी आपलं हे अंग झाकलेलं आहे का, ते बघा.

मोडलेली प्रत्येक अट घर खाली करायला पुरत नाही

घरमालकांना ही गोष्ट पचत नाही. करारात आपण पंधरा अटी घालतो: रात्री दहानंतर पाहुणे नकोत, भिंतीला खिळा नको, गच्चीवर पापड-कुरडया नकोत. पण भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू असेल, तर ताबा मिळण्याची कारणं कायद्यानं ठरवून दिलीत. खिळ्यावरून ताबा मिळत नाही.

चालणारी कारणं साधारण अशी. भाडं थकणं. दिलेल्या कामाऐवजी भलत्याच कामाला जागा वापरणं किंवा जागेचं कायमचं नुकसान करणं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणं. बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा ठरलेल्या कामासाठी न वापरणं, आणि हे सहा महिने दाव्याच्या तारखेला लागून आधीचे असावे लागतात. मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असणं हेही कारण आहे, पण त्यात भाडेकरूची काही चूक नसते. तो वेगळा विषय.

'पक्कं बांधकाम' शब्दावर बरेच जण फसतात. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, जाळी, मीटरची पेटी, असं जे जागेचं मोठं नुकसान न होता काढता येतं, ते कायदा पक्कं बांधकाम मानत नाही. विटा-सिमेंटची भिंत ही गोष्ट वेगळी. नगरपालिकेची परवानगी लागत असेल तर ती घेतलेली होती का, तेही बघा.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा: मला जागा परत हवी आहे, की भाडेकरू राहिला तरी चालेल, फक्त त्यानं नीट वागावं? पोटभाडेकरूच्या बाबतीत याचं उत्तर आधी हवं. जागा परत हवी असेल आणि नोटिशीत तुम्ही 'एक महिन्यात त्याला काढा, मग आमची काही तक्रार नाही' असं लिहून बसलात, तर त्यानं काढल्यावर तुमच्या हातात काय उरलं?

पुरावा नोटिशीच्या आधी

वह्यांच्या दुकानात परस्पर लावलेली फरसाणाची भट्टी नोटीस हातात पडली की एका रात्रीत गायब होते. म्हणून आधी पुरावा. आत जाऊन बघायचं असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागेची पाहणी करता येते, पण आधी कळवून आणि रास्त वेळी. दुपारी दोन वाजता, मे महिन्यात, न सांगता दार वाजवू नका. चार-पाच दिवस आधी एका ओळीचं पत्र द्या, पोच घ्या, सोबत दोन माणसं न्या आणि तिथेच तारीख-वेळ टाकून टिपण लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

फोटो मोबाइलमध्येच मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो कमकुवत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे फोटो कोणाच्या फोनवर काढले तेही लिहून ठेवा. पोटभाडेकरूसाठी सगळ्यांत बोलका पुरावा दुकानातच टांगलेला असतो: जीएसटीची पाटी, बिलबुकावरचं नाव, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारं खातेदाराचं नाव. उपद्रवाच्या बाबतीत तुमच्या शब्दाला फार वजन नाही, शेजाऱ्याच्या लेखी तक्रारीला आहे.

थकबाकीचा तक्ता करा. महिना, भाडं, मिळालेली रक्कम, बाकी. कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ करता येते, ती कधीपासून धरली ते लिहा. तीन वर्षांपूर्वीची बाकी मुदतबाह्य होते, ती मिसळू नका. रागानं आकडा फुगवला की भाडेकरूचा वकील पहिला वार तिथेच करतो.

आता लिहा

नोटीस मालक स्वतःच्या सहीनं देऊ शकतो, वकिलामार्फतच हवी असं नाही. मराठीत लिहिली तरी चालते. पण एकदा तरी वकिलाच्या नजरेखालून घाला. त्याची फी पडलेल्या दाव्यापेक्षा स्वस्त आहे.

पाठवणारे सगळे मालक हवेत. वडील वारले आणि उताऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं लागली असतील, तर ती सगळी लिहा. भाडेकरू वारला असेल, तर तिथे राहणाऱ्या किंवा धंदा चालवणाऱ्या त्याच्या सगळ्या वारसांच्या नावे नोटीस द्या, एकट्या थोरल्या मुलाच्या नावे नको. जागेचं वर्णन सिटी सर्व्हे नंबर, मजला आणि चतुःसीमा देऊन करा. 'बाजारातला आमचा गाळा' म्हटल्यानं पोस्टमनला कळेल, कोर्टाला नाही.

मुख्य मजकूर कसा असावा, याचा एक नमुना देतो. यातली माणसं, तारखा काल्पनिक आहेत.

"आपण वर वर्णन केलेला गाळा शालेय वह्या व स्टेशनरी विक्रीसाठी दरमहा रुपये ६,०००/- भाड्याने घेतला आहे. करारातील अट क्र. ४ प्रमाणे गाळ्याचा वापर त्याच कामासाठी करावयाचा आहे व अट क्र. ७ प्रमाणे आमच्या लेखी संमतीशिवाय कोणतेही बांधकाम करावयाचे नाही.

१) दि. ३ फेब्रुवारीपासून आपण गाळ्यात भट्टी लावून फरसाण तळण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. दि. २० फेब्रुवारी रोजी पूर्वसूचना देऊन केलेल्या पाहणीत दोन भट्ट्या व चार गॅस सिलिंडर आढळले. धुराबाबत वरच्या मजल्यावरील रहिवाशांची लेखी तक्रार आहे.

२) गाळ्यामागील मोकळ्या जागेत आपण विटा-सिमेंटची अंदाजे १० फूट बाय ६ फुटांची खोली आमच्या संमतीशिवाय बांधली आहे.

तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत भट्ट्या व सिलिंडर हटवून तळण्याचा व्यवसाय बंद करावा, आणि ३० दिवसांत सदर खोली स्वखर्चाने काढून जागा पूर्ववत करावी. तसे केल्याचे आम्हास लेखी कळवून पाहणी करू द्यावी. मुदतीत पूर्तता न झाल्यास ताबा व नुकसानभरपाईसाठी आम्हास न्यायालयात दाद मागावी लागेल. त्याचा खर्च आपणावर राहील. ही नोटीस आमचे कायद्याने असलेले सर्व हक्क अबाधित ठेवून दिली आहे."

बघा, यात शिवी नाही, 'तुमची लायकी' नाही, पोलिसांची भीती नाही. काय केलं, कधीपासून, कोणती अट, काय काढायचं, किती दिवसांत, एवढंच. 'सर्व अटींचा भंग केला आहे' हे वाक्य मला जिथे दिसतं तिथे मी खोडतो. सगळ्या अटी मोडल्या म्हणजे एकही दाखवता येत नाही. आणि मुदत कॅलेंडरवरची हवी. 'आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) देतो' आणि 'कापूस विकला की देतो' हे आपल्यातलं बोलणं झालं. नोटिशीत ते आलं की कोणत्या आखाजीपर्यंत, यावर वाद होतो.

भलत्या वापराला किंवा उपद्रवाला किती दिवस द्यायचे, हे भाडे नियंत्रण कायदा सांगत नाही. कलम १६ च्या कारणांसाठी आधी नोटीस द्यावीच, अशी सक्तीही त्यात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची नोटीस राज्याच्या भाडे कायद्याखालच्या दाव्यांना लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ मध्येच धनपाल चेट्टियार खटल्यात ठरवलं. तरी मी नोटीस देतोच. संधी देऊनही तो सुधारला नाही, हे कागदावर दिसणं वेगळंच.

भाड्याच्या थकबाकीची नोटीस मात्र सक्तीची आहे आणि ती मी स्वतंत्र पाठवतो. कलम १५ प्रमाणे ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. मोजणी बजावल्याच्या तारखेपासून करायची, टपालात टाकल्याच्या नाही. १० जूनला पोचली, तर ९० वा दिवस ८ सप्टेंबर. मी वर आणखी एक आठवडा थांबतो. घाईची किंमत एकदा मोजून झाली आहे.

बजावणी

कायद्यात रस्ते दिलेत: टपालानं, प्रत्यक्ष हातात, घरी त्याच्या कुटुंबातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे, आणि यातलं काहीच जमत नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवून. टपाल आणि प्रत्यक्ष, दोन्ही करा. वेगळी रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे काउंटरवर 'पोच हवी' असं सांगून पाठवा. पावती, ट्रॅकिंगचं छापील पान आणि नोटिशीची सहीची प्रत एकत्र टाचून ठेवा. ट्रॅकिंग कायम दिसत नाही, लगेच छापा. पत्ते दोन घाला, दुकानाचा आणि घराचा.

पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यानिशी परत आलं तर हिरमुसू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र जाणून नाकारलं, तर साधारणपणे बजावणी झाली असंच धरतात. ते पाकीट फोडू मात्र नका. बंदच कोर्टात जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर प्रत जरूर टाका, फक्त तिच्यावर विसंबू नका.

मुदत चालू असताना

इथे चांगली केस हातानं घालवतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना नळ तोडला, मीटर काढलं, की भाडेकरू धावत कोर्टात जातो आणि भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ तुमच्यावर उलटतं. पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप ठोकून माल बाहेर काढलात, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे मालक कोण हा प्रश्नच नसतो.

भाडं आलं तर घ्या, पावतीही द्या. पावती देणं कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे. पण पावतीवर 'दि. अमुकच्या नोटिशीतील हक्क अबाधित ठेवून' ही ओळ घाला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालच्या जागेत तर ही काळजी दुप्पट घ्या. अट मोडल्याचं ठाऊक असताना मालकानं नंतरचं भाडं गुपचूप घेतलं, तर त्यानं ती चूक माफ केली असं कलम ११२ धरतं. भाडं थेट खात्यात जमा होत असेल, तर त्याच दिवशी तसं लेखी कळवा.

मुदत संपल्यावर

सांगितलेलं सगळं त्यानं केलं, तर पुन्हा पाहणी करा, फोटो काढा आणि 'पूर्तता झाल्याचे दिसले' असं दोन ओळींचं पत्र द्या. हे बहुतेक मालक देत नाहीत. पुढच्या वर्षी तीच भट्टी परत पेटली तर 'मागच्या वेळी समज दिली होती, त्यानं मानलीही होती' हे त्याच पत्रानं सिद्ध होतं.

अर्धवट केलं तर काय उरलं ते लिहून कळवा. नव्यानं पूर्ण मुदत देत बसू नका. उलट नोटीस आली तर प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, विशेषतः 'आम्ही मालकाच्या तोंडी परवानगीनं बांधलं' या मुद्द्याला. तिथे गप्प बसणं महागात पडतं.

काहीच हललं नाही, तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करून बघा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. सहा महिन्यांत गाळा सोडतो असं तिथे लिहून दिलं, तर ते ओट्यावरच्या शब्दासारखं उडत नाही. थकबाकीच्या दाव्यात आणखी एक मनाशी ठेवा: समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं दावा संपेपर्यंत भरत राहिला आणि खर्चही दिला, तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. फक्त भाडं वसूल करायचं असेल तर ही वाईट बातमी नाही.

माझ्या गाळ्याचं विचाराल, तर दुसरी नोटीस नीट तक्ता लावून, ९० दिवसांची दिली. ८४ व्या दिवशी त्याचा मुलगा घरी आला, चेक आणि सोबत केळीची फणी घेऊन. "बाबांनी तुमच्या आप्पांना शब्द दिला होता म्हणे, पण आकडा कोणी सांगितलाच नव्हता," म्हणाला. मी चेक घेतला, पावतीवर 'हक्क अबाधित' लिहिलं, आणि त्याला नोंदणीकृत कराराचा मसुदा वाचायला दिला.